झोपेचं फूल

औषधवालीनं मूठभर फुलं पातेल्यात टाकली आणि बघता बघता पाणी जांभळं झालं. जिच्यासाठी हे औषध होतं तिचा नवरा ओट्याजवळ हाताची घडी घालून उभा होता. जन्म पंप दुरुस्त करण्यात गेलेला. झाडपाल्यावर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता. पण बायकोनं अन्नपाणी सोडलं होतं. अशानं ती हातची जाईल, या भीतीनं त्याचा जीव टांगणीला लागला होता.

त्यांची लेक वाळूच्या वादळात हरवली ती सापडलीच नाही. तेव्हापासून रोज दिवेलागणीला बायकोला खिडकीबाहेरून हाक ऐकू यायची. ती धावत जाऊन ओ द्यायची, आणि मग रात्रभर टक्क जागी. त्याला मात्र कधीच काही ऐकू आलं नव्हतं.

"वाळवंटातलं फूल आहे. पान खोकल्याला, मूळ जखमेला," औषधवाली म्हणाली, "आणि फूल हाका थांबवायला."

तिनं दोन पेले भरले.

"मावशी, मला कशाला? मला काय धाड भरलीय?"

"घरात जितकी माणसं, तितके पेले. तशीच रीत आहे."

बायकोनं एका दमात पेला रिकामा केला. औषधवाली चपला घालायला वळली, तसा यानं आपला पेला गुपचूप मोरीत ओतला आणि वर मिशी पुसली.

दुसऱ्या दिवशी दिवे लागले तरी बायको खिडकीकडे गेली नाही. चार घास जेवली. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून तिनं त्याला टोमणाही मारला. त्याला इतकं बरं वाटलं की खारट भाजी त्यानं पुन्हा वाढून घेतली. आडवी होताच ती झोपी गेली.

तो दार लावायला उठला. बाहेर वाळू सरसरली.

"आई!"

कडीवरचा त्याचा हात थिजला. बायकोची पापणीही हलली नाही.

"आई गं!" मग आवाज दाराशी आला. "बाबा, आई ओ का देत नाही?"

उरलेल्या फुलांची पुडी ओट्यावरच होती. नुसतं पाणी उकळायचा अवकाश. त्यानं पुडी उचलली. बराच वेळ ती हातात धरून तो उभा राहिला. मग फुलं मोरीत टाकून त्यानं वरून तांब्याभर पाणी ओतलं आणि दार किलकिलं केलं.

"हळू, बाळा," तो फटीतून म्हणाला. "आईचा आत्ता कुठं डोळा लागलाय."