सासूबाईंचं न झालेलं ऑपरेशन

सुट्टी मागायची वेळ आली की आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कोणीतरी आजारी पडतं. धडधाकट मामा अंथरूण धरतात, काकूंना चक्कर येते, आणि केव्हाच वारलेले आजोबा पुन्हा एकदा वारतात. यात आपल्याला काही वावगं वाटत नाही. या गोष्टीतल्या तपासनिसांनाही वाटलं नव्हतं.

ते चष्म्यांच्या काचा बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात कामाला होते. घासून, पॉलिश होऊन आलेली प्रत्येक काच उजेडाकडे धरायची आणि ओरखडा दिसला तर परत पाठवायची, हे त्यांचं काम. नजर अशी तयार की केसभर रेघही सुटत नसे. म्हणून सगळे त्यांना तपासनीसच म्हणत.

घरी मात्र काचांऐवजी बेटं तपासणं चाललं होतं. भरपूर ऊन असलेला एक देश आणि त्याच्या समुद्रात विखुरलेली कितीतरी बेटं. जेवणाच्या टेबलावर नकाशा अंथरलेला असायचा आणि जागा उरेल तिथे ताटं. बायकोला दीपगृहाचं बेट हवं होतं, मुलीला कासवांचं. सासूबाईंचं कुठल्याच बेटावर अडत नव्हतं. त्यांना फक्त एका बोटीतून उतरून दुसऱ्या बोटीत बसायचं होतं. जन्मभर नर्स म्हणून वॉर्डात उभं राहून काढल्यावर आता बसल्या जागी पुढे सरकण्याचं सुख काय असतं ते बघायचं, असं त्या म्हणायच्या. त्यासाठी त्यांनी रुंद काठाची टोपी आणली होती आणि सवय व्हावी म्हणून ती घालून घरभर हिंडायच्या.

घोडं अडलं होतं ते सुट्टीवर. फिरायला जायचंय म्हणून त्या कारखान्यात कोणी सुट्टी मागितल्याचं ऐकिवात नव्हतं. मालकीणबाई मनाने चांगल्या होत्या, पण स्वतः कधी सुट्टी घेत नसत आणि तसं मोठ्या अभिमानाने सांगत. अशा बाईंपुढे उभं राहून कासवं बघायला जातो म्हणायचं तरी कसं? तपासनिसांच्या तोंडातून भलतंच निघालं.

"सासूबाईंचं ऑपरेशन आहे. पित्ताशयाचं."

मालकीणबाईंनी सुट्टी तिथल्या तिथे दिली. एका वेळी दोघांनी सुट्टीवर जायचं नाही असा तिथला नियम होता, म्हणून त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात 'सासूबाईंचं ऑपरेशन' असं लिहून तो आठवडा तपासनिसांसाठी राखून ठेवला. पुढे रोज त्या सासूबाईंची चौकशी करत, आणि तपासनीस रोज सासूबाईंना थोडं थोडं बरं करत.

एका संध्याकाळी दारावरची बेल वाजली. सासूबाईंनी डोक्यावरच्या टोपीसकट दार उघडलं. बाहेर कारखान्यातल्या पॉलिशवाल्या ताई उभ्या होत्या, हातात फळांची पिशवी. टोपीतल्या बाई पाहुण्या असाव्यात असं त्यांना वाटलं.

"तपासनीसभाऊंच्या सासूबाईंना भेटायला आले होते," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन आहे ना त्यांचं पित्ताशयाचं?"

सासूबाईंनी हळूच टोपी काढली. "आहेत बऱ्या. तुम्ही आत या, बसा."

आत तपासनीस घाईघाईने नकाशाची घडी घालत होते, आणि घाईत नकाशाची घडी कधी कोणाला जमत नाही. शेवटी ते त्यावरच बसले.

ताई फार वेळ थांबल्या नाहीत, पण जे सांगायचं ते सांगून गेल्या. त्यांच्या वडिलांच्या पित्ताशयात खडे होते. कळ आली की म्हातारा माणूस उशीत तोंड खुपसून ओरडायचा. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली ती नेमकी तपासनिसांच्या सुट्टीतली, आणि घरात दुसरं कोणी नाही. एकाच आठवड्यात, एकाच आजाराची दोन ऑपरेशनं सांगितली तर बाईंना आपलं खोटं वाटेल, म्हणून ताईंनी सुट्टी मागितलीच नव्हती. तारीख पुढे ढकलून घेतली होती. तोवर कळ कमी कशी ठेवायची, हे इथे विचारता येईल म्हणून त्या आल्या होत्या.

सासूबाईंनी आपण कोण ते न सांगता, जुनी नर्स म्हणून वडिलांना काय खायला द्यायचं ते सांगितलं. ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले तर तडक दवाखाना गाठा, असं बजावलं. मग म्हणाल्या, "पण तुम्ही पुढे ढकलायला नको होतं."

"भाऊंची सुट्टी आधी लागलीय. त्यांच्याही घरी दुखणंच आहे. माझ्या वडिलांसाठी त्यांना कशी थांबवू?"

तपासनीस खाली मान घालून बसले होते. पित्ताशय हा शब्द त्या दिवशी आपल्या तोंडात आला कुठून, हे त्यांना आत्ता आठवलं. जेवणाच्या सुट्टीत ताईंकडूनच तो ऐकला होता. सुट्टीसाठी त्यांनी ताईंच्या वडिलांचाच आजार उचलला होता!

ताई गेल्यावर सासूबाई त्यांच्यासमोर येऊन बसल्या. आवाज चढवला नाही.

"जावईबापू, माझं ऑपरेशन केलंत त्याचा मला राग नाही. माझं पित्ताशय जागच्या जागी आहे. पण वॉर्डात मी एकटे पडलेले पेशंट पाहिलेत. मुलीला सुट्टी नाही, मुलाला सुट्टी नाही. मला त्यांच्या साहेबांचा राग यायचा. आज वाटतं, ते साहेब तरी किती आजारी सासवांवर विश्वास ठेवणार? माणूस थकतो, त्याला चार दिवस मोकळी हवा लागते, यात लपवण्यासारखं काय आहे? तुम्हाला विश्रांती मागायची लाज वाटली, आणि खोटं बोलायची नाही वाटली!"

दुसऱ्या दिवशी तपासनिसांनी मशीन सुरू होण्याआधी, सगळ्यांदेखत मालकीणबाईंना खरं काय ते सांगितलं. बेटं सांगितली, कासवं सांगितली, टोपीसुद्धा सांगितली. कोणी हसलं नाही. ताई मान वळवून आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

"मी रोज विचारत होते, आणि तुम्ही रोज सांगत होतात," मालकीणबाई म्हणाल्या. हे त्यांना फार लागलं होतं. मग ताईंकडे वळून तो आठवडा त्यांना देऊन टाकला आणि आधी डॉक्टरांना फोन करायला लावला. आधी ठरलेली तारीख सुदैवाने अजून दुसऱ्या कोणाला दिलेली नव्हती. ताईंनी फोन ठेवला आणि तिथेच डोळ्यांना पदर लावला.

"पण मला खरं सांगायची भीती का वाटली तुम्हाला?" मालकीणबाईंनी विचारलं.

"तुम्ही कधीच सुट्टी घेत नाही, बाई. तुमच्यासमोर फिरायला जातो म्हणणं म्हणजे कामचुकारपणा वाटतो."

मालकीणबाई बराच वेळ हातातली काच पुसत राहिल्या. ती काच केव्हाच स्वच्छ झालेली होती.

ऑपरेशनच्या दिवशी सासूबाई ताईंना सोबत म्हणून दवाखान्यात जाऊन बसल्या. काम संपवून तपासनीसही तिथे पोचले. डॉक्टर बाहेर आले, सगळं नीट झालं म्हणाले, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ताई तपासनिसांना म्हणाल्या, "भाऊ, तुमच्याशी बोलायचंच नाही असं ठरवलं होतं. आता राग नाही." त्या एका वाक्याने त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं.

बेटं कुठे पळून जाणार नव्हती. ताई कामावर परतल्यावर निघायचं ठरलं आणि बोटींची तिकिटं बदलून घेतली. नकाशा पुन्हा टेबलावर आला. दीपगृह की कासवं हे भांडणही पुन्हा सुरू झालं.

मित्रहो, विश्रांती ही काही चोरीची गोष्ट नाही, ती उजळ माथ्याने मागावी. आणि ज्यांच्या हातात सुट्टी देणं आहे त्यांनी ती अशी द्यावी की कोणाला घरातलं माणूस आजारी पाडावं लागू नये. नाहीतर खोट्या दुखण्यांच्या गर्दीत खऱ्या दुखण्याला जागा उरत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी तपासनीस कॅलेंडरपाशी गेले. सासूबाईंचं ऑपरेशन खोडलेलं होतं आणि नव्या तारखांवर मालकीणबाईंच्या अक्षरात 'तपासनीस, कासवं' असं लिहिलेलं होतं. त्यांनी सहज पान उलटलं. पुढच्या महिन्यात त्याच अक्षरात आणखी एक सुट्टी होती, 'मी स्वतः, झोप'.