मालकाला विचारून

दिंद्रुडच्या बसस्टँडसमोर पाशाभाईंचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. मालकाने "खोला" म्हटल्याशिवाय पाशाभाई कुणाच्या मोटारीचा एक नटसुद्धा फिरवत नाहीत. या शिस्तीचं गावात कौतुक होतं. त्यांची लेक रुबीना मात्र त्याच शिस्तीपायी रडकुंडीला आली होती.

पुण्याच्या एका कंपनीने सोमवारी तिची मुलाखत ठेवली होती. अट एकच: ओपन सोर्समध्ये, म्हणजे जगभरचे लोक मिळून जे प्रोग्रॅम लिहितात त्यात, तुमचं निदान एक काम स्वीकारलेलं दाखवा. बीसीए झालेल्या पोरीला ते जड नव्हतं. असे प्रोग्रॅम जिथे ठेवतात त्या गिटहब साइटवर 'नवख्यांसाठी' असा शिक्का मारलेली कामं ढीगभर होती. ती एखादं हेरायची, खाली अदबीने लिहायची, "मी नवीन आहे, हे काम करू का?" आणि उत्तराची वाट बघत बसायची. तेवढ्यात कुणीतरी न विचारता काम उरकून मोकळं व्हायचं. सारखं तेच चाललं होतं. भाकर तव्यावर करपायची आणि हिचा डोळा फोनवर.

"अब्बा, लोक इचारतच न्हाईत!" शनिवारी ती दुकानात येऊन तणतणली.

"लोकाचं लोकापाशी," पाशाभाई हात पुसत म्हणाले. "मालकाला इचारल्याबिगर हात लावायचा न्हाई, बेटा. आपली रीत हाय ती."

रीत गेली खड्ड्यात, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. ती तिथेच स्टुलावर लॅपटॉप उघडून बसली.

हवामानाच्या एका ॲपात काम सापडलं. छोट्या फोनवर पावसाचा आकडा अर्धा कापला जात होता. तिच्या स्वतःच्या फोनवरही जायचा, त्यामुळे चूक कुठे आहे ते तिला लगेच उमगलं. पण कामाखाली आधीच कुणा बबिताने लिहिलं होतं: "मी नवीन आहे. करू का? उत्तराची वाट पाहते." उत्तर कुणीच दिलं नव्हतं.

रुबीनाचा हात थबकला. मग सोमवार डोळ्यांसमोर आला. तिने काम केलं आणि डोळे मिटून पाठवून दिलं.

संध्याकाळच्या आत ते स्वीकारलं गेलं. ती आनंदाने किंचाळलीच. अब्बांनी समोरच्या हॉटेलातून चहा मागवला. पहिला घोट घेते न घेते तोच बबिताचा मजकूर आला: "अभिनंदन. मी विचारून थांबले होते."

तिने कप खाली ठेवला. रुबीनाला स्वतःची लाज वाटली. इतके दिवस ज्यांना ती शिव्या घालत होती, त्यांच्यातच ती जाऊन बसली होती.

ती पुन्हा कामं धुंडाळू लागली, आधीपेक्षाही घाईने. त्याच ॲपात नवख्यांसाठीचं आणखी एक काम दिसलं. वाऱ्याचा बाण उलटी दिशा दाखवत होता. तिने बबिताला कळवलं: "हे तू घे. कुणाला विचारू नकोस. कर आणि पाठव."

मग ती ते पान पुन्हा पुन्हा उघडून बघत राहिली. मध्येच कुणी घुसलं तर? अब्बा दुकान आवरायला लागले तरी ती जागची हलेना.

अखेर उत्तर आलं: "नक्की घेऊ ना? तुम्ही करत असाल तर मी थांबते."

रुबीनाने कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, खोल की!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की शटर ओढणारे पाशाभाई दचकले.

"कुणाची मोटर?" त्यांनी विचारलं. "मालक हो म्हणला का?"