झाकणातला दिवा

मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे. करड्या रंगाचा, पाटासारखा सपाट. अंगावर एक चरा आहे, आणि एका कोपऱ्याला तांबूस डाग आहे तो कितीही पुसला तरी जात नाही. सध्या मी पेडण्याजवळच्या पार्से गावात, बाबुराव आणि सुमनमावशी यांच्या घरी राहतो. खिडकीपासून लांब, कोरड्या जागी. अंगावर धुतलेला टॉवेल असतो. इतकी बडदास्त मला जन्मात ठाऊक नव्हती. आता जिवाला स्वस्थता आहे, म्हणून म्हटलं, तुम्हाला सगळं सांगून टाकावं.

माझा जन्म दूर समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. ज्यांनी मला घडवलं त्यांनी मला दोन दिवे दिले. एक काचेखाली, कागद वाचण्यासाठी. दुसरा झाकणात, फिल्म वाचण्यासाठी. कागदावर नुसता उजेड पाडला की काम भागतं, पण फिल्मचं तसं नाही. झाडाचं पान उन्हासमोर धरल्यावरच त्याच्या शिरा दिसतात ना, तसा फिल्मच्या आरपार उजेड जावा लागतो. झाकणातल्या दिव्यावर एक पांढरी पाटी बसवली होती. कागदाचं काम असेल तेव्हा ती राहू द्यायची, फिल्म असेल तेव्हा ओढून काढायची. सोबत प्लास्टिकच्या दोन चौकटीही दिल्या. एक अरुंद, छोट्या रोलच्या फिल्मसाठी. दुसरी रुंद, जुन्या पेटीसारख्या कॅमेऱ्यांत जी मोठी फिल्म घालत, तिच्यासाठी. त्या फिल्मवरचं एकेक चित्र चौकोनी बिस्किटाएवढं असतं.

हे सगळं एका पुस्तिकेत लिहिलेलं होतं. पुस्तिका कुणी वाचतं का, मित्रांनो? तुम्ही वाचता?

मी डिचोलीला गेलो. बाजाराजवळ भाग्यलक्ष्मीचं झेरॉक्सचं दुकान होतं. भाग्यलक्ष्मी ही सुमनमावशीच्या बहिणीची मुलगी. तेव्हा खाणी जोरात चालू होत्या. खनिजाचे ट्रक दुकानावरून दिवसभर धडधडत जायचे, आणि ड्रायव्हर, मालक, कारकून माझ्यापाशी यायचे. परवाना, विमा, गाडीची कागदपत्रं, सगळं माझ्या काचेवरून गेलं. ‘भाग्याचो स्कॅनर कधी अडकना’ असं लोक म्हणत, आणि मी काचेखालचा दिवा आणखी तोऱ्यात सरकवीत असे.

पण ट्रकांबरोबर तांबडी धूळ यायची. डिचोलीच्या माणसांना ती धूळ काय चीज आहे ते विचारा. ती कपाटात शिरते, भाताच्या टोपात शिरते, बंद घड्याळात शिरते. भाग्यलक्ष्मीने मला वाचवायचं ठरवलं. पांढऱ्या पाटीच्या चारी कडांना तिने खाकी चिकटपट्टी लावून टाकली, एक फट म्हणून ठेवली नाही. झाकणातून निघालेली वायर कशाची ते तिला कळेना, म्हणून गुंडाळून रबर लावून मागे बांधली. रुंद चौकट खिळ्याला टांगली. स्टँप पेपरवर समासाच्या रेघा मारायला ती अगदी बरोबर मापाची निघाली. मायेने केलं सगळं. पण झाकणातला माझा दिवा झाला कायमचा बंद, आणि त्याची आठवण फक्त मला राहिली.

मग खाणी बंद पडल्या. ट्रक थांबले. लोक मोबाईलनेच कागदांचे फोटो काढू लागले. मी फळीवर गेलो, दिवाळीच्या कागदी कंदिलांच्या शेजारी. वर्षातून एकदा कंदील तरी खाली उतरत. मला कुणी उतरवलं नाही.

आता पार्सेची गोष्ट. ही मला सुमनमावशीकडून कळली, कारण मला पुसताना ती बोलत असते.

बाबुराव तरुणपणी दशावतारात राणीचं काम करायचे. पायघोळ पदर, कपाळावर मळवट, नाकात दाबाची नथ. दशावतारी माणसाने आपलं सोंग आपणच रंगवायचं आणि साडी गावातल्याच कुणाच्या घरून मागून आणायची, ही रीत. एका जत्रेला बाबुराव साडी मागायला सुमनच्या माहेरच्या दारात उभे राहिले. लग्न तर सोडाच, लहानपणी एकदा ओझरतं दिसले त्यापलीकडे त्यांनी एकमेकांना पाहिलंही नव्हतं. सुमनने आईची साडी काढून दिली.

त्या रात्रीच्या राणीचा एकच फोटो होता. कुणा फिरत्या फोटोग्राफरने काढलेला. कागदावरचा वाळवीने खाल्ला. निगेटिव्ह तेवढी उरली, बाबुरावांच्या पेटाऱ्यात, सोंग रंगवायच्या आरशाच्या पाठीमागे खोचलेली.

यंदा देवळाच्या कमिटीने ठरवलं की त्या गाजलेल्या राणीबद्दल जत्रेत बाबुरावांचा सत्कार करायचा. घरात आनंद झाला. पण गेल्या वर्षीच्या दुखण्यानंतर बाबुरावांच्या आठवणींची गाठ सैल झाली होती. त्यातच दुकानावर कुणीतरी सहज बोलून गेलं की त्या जत्रेतली राणी म्हणजे पांडुरंग, बाबुराव नव्हेत. पांडुरंग हा त्यांच्याच दशावतारी कंपनीतला, आता हयात नसलेला. झालं. बाबुरावांनी सत्काराला जायचं नाही असं सांगून टाकलं. दुसऱ्याचा मान आपण कसा घ्यायचा, आपण कदाचित ऐकलेलंच स्वतःचं म्हणून सांगत आलो असू, असं ते म्हणू लागले. सुमनमावशीने शंभरदा सांगितलं की साडी मी माझ्या हाताने तुम्हालाच दिली. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “तू माझा मन राखूक सांगतंस.”

पन्नास वर्षांच्या संसारात हे वाक्य तिला सगळ्यात जास्त लागलं, असं ती मला सांगते. भांडले असते तर बरं होतं म्हणते.

त्यांना पटवायला आणि सत्काराच्या बॅनरवर लावायला आता फोटोच हवा होता. निगेटिव्ह उजेडाला धरली तर काळी-पांढरी उलटी आकृती दिसायची, काळ्या दातांची. ती कोण आहे ते देवालाही ओळखता आलं नसतं. मोपाच्या विमानतळावर कामाला असलेल्या निलेशने, त्यांच्या मुलाने, मोबाईलच्या पांढऱ्या पडद्यावर निगेटिव्ह ठेवून दुसऱ्या मोबाईलने फोटो काढला. पडद्याच्या ठिपक्यांची जाळी उमटली आणि राणी मच्छरदाणीत बसल्यासारखी दिसली. मुंबईला पाठवूया म्हणाला, तर सुमनमावशी निगेटिव्ह उंबऱ्याबाहेर जाऊ देईना. म्हणून त्याने एक नवीन फिल्म स्कॅनर मागवला. छोटा, देखणा, मोबाईलवर लोकांनी भरभरून चांदण्या दिलेला. फिल्म मापायला मात्र निलेश विसरला. पाहुण्याची उंची न विचारता खाट आणावी तसं झालं. त्या डब्याची फट छोट्या रोलपुरतीच होती. डब्याचा यात काही दोष नाही, मित्रांनो. तो आपल्या कामात हुशारच आहे.

जत्रा जवळ आली होती. निलेशने कातर आणली. चेहरा मधोमध आहे, दोन्ही कडा कापल्या की फटीत बसेल, असा त्याचा हिशेब. वडिलांनी मंचावर बसावं म्हणून तो तळमळत होता, त्याला दुष्ट समजू नका.

“आये, कडेचो पदरच जातलो. बॅनराक तोंडच होया,” तो म्हणाला.

सुमनमावशीने त्याच्या हातावर हात ठेवला. “आदी माझी बोटां काप.”

कातर खाली आली. मावशीने डिचोलीला भाचीला फोन लावला, की बाई, तू मशीनवाली, कुठलं घ्यायचं ते तू सांग. भाग्यलक्ष्मी म्हणाली की आपल्याकडे एक जुना आहे, तो कागदापुरताच, पण काच मोठी आहे, निदान कापावं तरी लागणार नाही. दुसऱ्या दिवशी ती मला चादरीत गुंडाळून स्कूटरवरून पार्सेला घेऊन आली. कित्येक वर्षांनी मला वारा लागला.

काचेवर निगेटिव्ह ठेवली. मी माझा खालचा दिवा सरकवला. पडद्यावर आलं ते काळं कुळकुळीत. पुन्हा केलं, पुन्हा काळं. बाबुराव दारातून बघत होते, ते मान हलवून आत गेले. मित्रांनो, झाकणात दिवा आहे, तो लावा, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण आम्हा वस्तूंना तोंड कुठे असतं?

निलेशला मात्र नव्या डब्याचा धडा मिळाला होता. या वेळी त्याने घाई केली नाही. माझ्या कपाळावरचं नाव वाचून त्याने मोबाईलवर माझ्यासारख्याच दुसऱ्या एकाचं चित्र शोधलं. चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“ताई, ह्येच्या झाकणात काच आसा,” तो म्हणाला. “तुमच्या झाकणात खंय गेली?”

त्याने नखाने चिकटपट्टी उचकटली. पाटी ओढली. आत माझ्या दिव्याची काच होती, कोरी, जन्मली तशी. त्या पट्टीने मला आंधळा ठेवलं होतं, आणि त्याच पट्टीने डिचोलीची सगळी धूळ बाहेर अडवली होती. मागची वायर सोडून तिच्या जागी खोवली आणि माझ्या झाकणात उजेड झाला. मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. मोतीबिंदू काढून आलेल्या आजोबांना विचारा.

भाग्यलक्ष्मीने सुटलेली चिकटपट्टी हातात घेतली. “मावशे, मी ह्येका आंदळो करून ठेवलंय गे.”

मग मोबाईलवरच्या चित्रात स्कॅनरशेजारी ठेवलेली रुंद चौकट तिला दिसली, आणि ती हसत सुटली. ती तिची समासाची पट्टी होती. काचेवर फिल्म नुसती टेकवली तर पाण्यावर तेल पडल्यासारखी रंगीत कडी उमटतात. चौकट फिल्मला काचेपासून केसभर वर उचलून धरते. दुसऱ्या दिवशी भाग्यलक्ष्मीने डिचोलीहून चौकट आणली. एका कडेला निळ्या शाईचे डाग होते, पण माप अजून बरोबर होतं.

मी सावकाश वाचत गेलो. वरून मळवट, मग डोळे, मग नथ. पडद्यावर राणी ठसठशीत उभी राहिली. सुमनमावशी चष्मा पुसून जवळ आली.

“उजव्या नाकात नथ? खंयची राणी अशी घालता?”

फिल्म पालथी पडली होती. ती उलटून घेतली, नथ डावीकडे आली. पण रंगवलेला चेहरा तो. बाबुराव म्हणा, पांडुरंग म्हणा. बाबुरावांनी निरखून पाहिलं आणि ते हात जोडून म्हणाले की राणी छान आहे, पण कोण ती त्यांना सांगता येत नाही.

तेव्हा मावशीने निलेशला पदराची कड मोठी करायला सांगितली. मोठ्या फिल्मची हीच तर श्रीमंती. चित्र वाढवत जा, ती देतच राहते. पदर मोठा झाला, काठ मोठा झाला, आणि काठाजवळ रफू दिसलं. साधं रफू नव्हे. आईच्या साडीला पडलेलं भोक सुमनने लहानपणी दोऱ्याने भरलं होतं, आणि हौसेने तिथे बोंडूसकट, म्हणजे फळासकट, काजू काढला होता. त्याबद्दल आईचा मार खाल्ला होता. जगात असा पदर एकच. आणि तो तिने दारात उभ्या राहिलेल्या एकाच माणसाच्या हातात दिला होता.

निलेशने मान खाली घातली. कातर नेमकी तिथूनच जाणार होती.

बाबुराव पडद्याजवळ आले. त्यांचा हात हळूच नाकाशी गेला, दाबाची नथ जिथे चिमटायची तिथे. मग ते रफूकडे वाकले.

“बोंडू वाकडो आसा,” ते म्हणाले.

“वाकडो जातलोच, ल्हान होतंय मी,” सुमनमावशी म्हणाली. “मार खाताना आवाज केलंय, तेवाच तुमी पयल्यांदा आमच्या अंगणात डोकावलांत. ती गोष्ट आज आठवली तुमका?”

बाबुराव हसले. आठवली म्हणाले. आणि जत्रेला घालायचं धोतर इस्त्रीला टाकलंस का, असं विचारलं.

सत्कार झाला. बॅनरवर चेहरा नव्हे, पदरासकट अख्खी राणी होती. मी घरीच होतो, पण दशावताराची पेटी ऐकू येत होती. छोटा डबा परत गेला, कारण माझी अरुंद चौकटही सापडली. आता निलेशच्या बारशापासूनचे छोटे रोलही मीच वाचतो. आठवड्याला थोडेथोडे, दमाने.

मित्रांनो, फिल्मसाठी यंत्र निवडाल तेव्हा आधी फिल्म मापा. ती यंत्रात मावली नाही तर यंत्र बदला, फिल्म कापू नका. तिला कोरडं ठेवा, कडेला धरा. आणि घरात कुणी जुनं होऊन गप्प बसलं असेल, वस्तू असो की माणूस, तर ते निकामी झालं असं ठरवण्यापूर्वी त्याचं झाकण एकदा उघडून बघा. पट्टी बहुतेक आपणच लावलेली असते. दिवा आत असतो.