रविवारचे सहा वाजून दहा

मित्रांनो, मी एक जुनं भिंतीवरचं घड्याळ आहे. तपकिरी चौकट, पांढरी तबकडी आणि जरा कर्कश टिकटिक, एवढंच माझं रूप. कारखान्यात माझ्यासारखी शेकडो बनली, तेव्हा खानदानाच्या बाता मी मारणार नाही. या घरातल्या बाबांच्या लग्नात त्यांच्या ऑफिसातल्या मित्रांनी मला भेट दिलं. "याची गरज नवरदेवालाच आहे," असं म्हणून सगळे खो खो हसले. कारण हा गृहस्थ कुठे वेळेवर पोचेल तर शपथ!

संसार सुरू झाला आणि महिन्याभरातच आईने मला दहा मिनिटं पुढे लावलं. बाबा मनातल्या मनात ती दहा मिनिटं वजा करायचे आणि उशिराच निघायचे. आईची बस मात्र माझ्यामुळे कधी चुकली नाही. "हे आहे म्हणून माझी नोकरी टिकली," असं ती शेजारणीला सांगायची, तेव्हा मला केवढा अभिमान वाटायचा!

पुढे भांडणं वाढली. उशीर हे त्यातलं एक कारण. बाकीची मी ऐकली आहेत, पण ती तुम्हाला सांगणार नाही. बाबा दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या खोलीत राहायला गेले. आठ वर्षांची लेक कुणाकडे कधी राहणार, हे कोर्टाने ठरवून दिलं. आठवडाभर आईकडे, आणि शनिवारी सकाळी दहापासून रविवारी संध्याकाळी सहापर्यंत बाबांकडे.

पहिल्या रविवारी बेल वाजली तेव्हा माझ्यात सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"दहा मिनिटं उशीर," आई म्हणाली.

"अगं, ते घड्याळ पुढे आहे," बाबा म्हणाले.

"सबबी सांगायची सवय काही गेली नाही तुझी!" आणि धाडकन दार लागलं.

मोबाइल तिच्या पर्समध्येच होता. पण रागात असताना पर्स कोण उघडतंय? रोज सकाळी हीच बाई माझ्याकडे बघून लेकीला म्हणायची, "दूध सावकाश पी, अजून दहा मिनिटं आहेत." रविवारी संध्याकाळी मात्र तिला वजाबाकी जमायची नाही. मला फार लाज वाटायची. पण सांगणार कसं? मला काटे आहेत, तोंड नाही.

वकीलबाईंनी उशिराची नोंद ठेवायला सांगितली होती. आईने वहीत चौदा रविवार लिहिले. आता सोमवारी कोर्टात अर्ज जायचा होता. बाप बेजबाबदार आहे, मुलीचा त्याच्याकडचा मुक्काम बंद करावा, दिवसा दोन तास भेट पुरे, असा.

त्याच्या आदल्या संध्याकाळी बाबा दारातून लगेच वळले नाहीत.

"मला काय बोलायचं ते बोल," ते म्हणाले. "पण तुझ्या धाकाने ही पाच वाजल्यापासून चपला घालून बसते. आज पत्त्यांचा डाव जिंकत होती, तो अर्धा टाकून उठली."

आईने लेकीकडे बघितलं. लेकीने माझ्याकडे.

"आई, आपलं घड्याळ पुढे आहे ना? मग बाबा उशिरा कुठे येतो?"

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू रागावली असतीस."

आईने ती वही मिटून ठेवली. मग बाबांना म्हणाली, "एकदाही उशीर नव्हता. मला कळत होतं, तरी लिहीत गेले. चुकलं माझं."

"आधीची नऊ वर्षं आलोच होतो की उशिरा," बाबा म्हणाले. कुणीच हसलं नाही.

अर्ज गेला नाही. आईने स्टुलावर चढून मला बरोबर लावलं आणि दुसऱ्याच दिवशी तिची बस चुकली. दोघं पुन्हा एकत्र आले, असं काही झालं नाही. पण लेक आता डाव पुरा करून येते. कधी सहा वाजतात, कधी सव्वासहा.

मित्रांनो, माझी काच पुसा, सेल वेळेवर बदला. मोठ्या माणसांना माझा निरोप सांगा. मला पुढे लावा, मागे लावा, माझी तक्रार नाही. पण पोरांना खरं बोलायची भीती वाटेल, इतकं रागावू नका. त्या लेकीला पहिल्या रविवारपासून सगळं कळत होतं.