अर्धा फुगा

चंद्रभान वाचला. "धोका टळला," असं डॉक्टरांनी गुरुवारी सकाळी केसपेपरवर सहीनिशी लिहिलं. दुपारी त्यांनीच त्या ओळीवर शाई ओढली. म्हणजे तो वाचला नव्हताच, असं ठरलं.

तर गुरुवारी सकाळी कडूबाई नवऱ्याच्या उशाशी बसून फुगा दाबत होती. मण्यार चावल्यापासून चंद्रभानचा श्वास चालत नव्हता. श्वासाचं यंत्र मुंबईला होतं म्हणे. इथं घशात नळी, नळीला रबरी फुगा आणि फुग्याला कडूबाई. सत्यशीला सिस्टरनं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

"तुमी श्वास घेताव तवा दाबायचं. अर्धाच. भाकरीच्या पापुद्र्यावर बोट टेकवल्यागत. जास्त दाबलं तर फुफ्फुस फुटतंय, बाई."

तीन दिवस ती अर्धाच दाबत आली. आज त्याचं बोट हललं. बातमी फुटली आणि जिंतूरच्या एसटीनं पाहुणे आले. एकानं फुगा मागितला. नाही कसं म्हणायचं? मग लग्नात हळदीचा असतो तसा फुग्याचा मान झाला. वयानं रांग लागली. सिस्टर औषधं आणायला गेली होती. चारठाण्याचे व्यंकटरावमामा सगळ्यांच्या मागून आले, तरी पुढचा मान त्यांचाच.

"काय लेकराबाळांवानी दाबायलाव?" म्हणत त्यांनी दोन्ही हात घातले. "भाच्याला पोटभर हवा देतो!"

कडूबाईनं पदर पुढं ओढला. मामेसासऱ्यांशी सून बोलत नाही. ती जावेच्या कानाशी लागली.

"हळू म्हणा की त्यास्नी."

सुमनबाईही सूनच. तिनं नवऱ्याला, दत्तरावला सांगितलं. दत्तराव हात बांधून उभा राहिला. थोरांचं बोलणं मध्ये तोडू नये. मामा एसटीतल्या गर्दीवर बोलत होते आणि दाबत होते.

कंडक्टरवर येऊन बोलणं थांबलं.

"मामा, जरा दमानं, म्हणायलीय."

"कोण म्हणायलीय?"

दत्तरावनं मागं बघितलं. कडूबाई भिंतीकडं तोंड करून, पदराआड, अर्धा अर्धा श्वास घेत होती.

"कोणी न्हाई," तो म्हणाला.

थोड्या वेळानं चंद्रभानच्या मानेची कातडी टम्म फुगली. तव्यावरच्या भाकरीसारखी.

दहाव्याला सगळे म्हणाले, मामांनी लय जीव लावून दाबलं.

तेराव्यानंतर कडूबाई दवाखान्यात आली आणि तिनं सिस्टरकडून अर्ज लिहून घेतला. बोलणं तिचं, सरकारी मराठी सिस्टरची, अंगठा पुन्हा तिचा.

"तरी मेहेरबान साहेबांस विनंती की, अर्जदार सुनेस मामेसासऱ्यांशी एक शब्द बोलण्याची परवानगी मिळावी. शब्द: हळू. सदर परवानगी दि. ८ ऑगस्ट १९७४, गुरुवार, सकाळी अकरापासून अंमलात आहे असे समजावे."