बुजवलेला हौद

सकाळपासून तिनं चार वेळा गॅस बंद आहे का पाहिलं होतं, आणि तो चारही वेळा बंदच होता. मागच्या अंगणात खडी दाबायचं मशीन थडथडत होतं, कडेवरचं आठ महिन्यांचं बाळ त्या तालावर मान डोलवत होतं आणि मांडणीतली ताटं एकमेकांशी कडाकडा भांडत होती.

अंगण ते केवढं! तीस फूट लांब, पंधरा रुंद. त्यात कृत्रिम गवताचं कोर्ट बसवायचं होतं, सात वर्षांच्या लेकीसाठी. तिचा पाय एका जागी ठरत नसे म्हणून घरात सगळे तिला भिंगरीच म्हणत. रस्त्यावर गाड्या, मैदान लांब. पोरगी डोळ्यांसमोर खेळली तर आपला जीव तरी थाऱ्यावर राहील, म्हणून कोर्टाचा हट्ट आईचाच. मुकादमानं सहा इंच माती काढून खडी पसरली होती. ती दाबून वर बारीक कच टाकायची, दुपारी गवताच्या गुंडाळ्या अंथरायच्या, की संध्याकाळी भिंगरी हजर.

मशीन नळाच्या कोपऱ्यात गेलं आणि ताटं गप्प झाली.

तिनं कान टवकारले. मशीन चालूच होतं, पण खालून भोपळ्यावर थाप मारावी तसा घुमा आवाज येत होता. मशीन पुढे सरकलं, ताटं पुन्हा बोलायला लागली. परत कोपरा, परत तेच. टेबलाशी शेंगा सोलत बसलेल्या सासूबाईंचे हातही थांबले होते.

"आई, ऐकलंत?"

"मला काय ऐकू येतंय या वयात," सासूबाई म्हणाल्या आणि सोललेलीच शेंग पुन्हा सोलायला लागल्या.

ती बाळासकट मागच्या दारात गेली. मुकादमानं मशीन थांबवून कानांवरची जाड टोपणं काढली.

"वहिनी, धूळ आहे. बाळाला कशाला आणता?"

"त्या कोपऱ्यात खाली पोकळ आहे."

मुकादमानं खुर्ची टाकून देखरेख करणाऱ्या सासऱ्यांकडे पाहिलं. "काका म्हणाले, तिथं जुना हौद होता, पण बुजवलाय."

"बुजवलाय म्हणजे बुजवलाय!" सासरे म्हणाले. "हिचा नवरा रांगत होता तेव्हाच. दगडमाती घालून गच्च. अगं, परवा तुला पंख्याचा आवाज वेगळा वाटत होता, काल बाळाच्या श्वासाचा. आज जमिनीचा? उद्या गवत वाढल्याचा ऐकू येईल!"

"ते पण प्लॅस्टिकचं," मुकादम म्हणाला. कामावरची माणसं हसली.

तिचे कान तापले. "तुम्ही स्वयंपाकघरात उभं राहून ऐका तरी."

"मशीनचा आवाज मशीनसारखाच येणार, वहिनी. आता खणायचं म्हणजे दाबलेली खडी उपसायची, आजचा दिवस पाण्यात. तुम्ही एक म्हणता, काका एक. मी कुणाचं ऐकू?"

तिनं नवऱ्याला फोन लावला. "बाबा म्हणतायत ना बुजवलाय?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "मग झालं तर. जरा शांत हो गं, मी मीटिंगमध्ये आहे."

शांत! तिला दिसत होती ती भिंगरी: रॅकेट उगारून त्याच कोपऱ्यात मागे मागे जाणारी, उंच उडी मारणारी. उडी मारून खाली येतानाची भिंगरी तिला बघवेना. तोवर कच पसरून झाली, मशीन फिरून आलं आणि दोघांनी पहिली गुंडाळी खांद्यावर घेतली. तिनं बाळ सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि जाऊन कोपऱ्याच्या अलीकडे वाट अडवून उभी राहिली.

"आधी खणा. मग अंथरा."

"वहिनी, आता काय म्हणावं तुम्हाला..."

"खणा," मागच्या दारातून आवाज आला. सासूबाई बाळ घेऊन उभ्या होत्या.

सासऱ्यांनी मान वळवली. "अगं, तू पण?"

"तीस वर्षं मी त्या कोपऱ्यात पाय ठेवला नाही. नळाला लांब पाइप लावून घेतला तो कशाला, वाटलं तुम्हाला?"

"मग बोलली का नाहीस?"

"रोज म्हणत होते, हौद बुजवा. एक दिवस माहेरून आले तर वर माती पसरलेली आणि तुम्ही म्हणालात, बुजवला. आणखी विचारलं असतं तर तुम्ही चार लोकांत खोटे पडला असतात. मग मूग गिळून बसले. पोराला तेवढं तिकडे फिरकू दिलं नाही."

मुकादमानं पहार घेतली. दोन घाव दगडासारखे बसले. तिसऱ्याला पहार हातभर आत गेली, त्याच्या हातून सुटली, आणि खालून खणकन आवाज आला.

कुणी हसलं नाही. फुटलेली फरशी बाजूला केली तर खाली माणूसभर अंधार. आपलं खरं निघालं की हायसं वाटेल असं तिला वाटलं होतं. उलट ती उरलेली जमीन टाचेनं ठोकून बघायला लागली.

"तेव्हा माणसं मिळाली नाहीत," सासरे खुर्चीच्या हाताकडे बघत म्हणाले. "म्हटलं, तात्पुरती फरशी टाकू, सवडीनं बघू..."

"सवड काही झाली नाही," सासूबाई म्हणाल्या.

मुकादमानं भरावासाठी दगडांची गाडी मागवली. अजून चार दिवस, तो म्हणाला. थराथरानं भरून दाबावं लागेल. आता त्याचा सूरच बदलला होता. तेवढ्यात त्याला काहीतरी आठवलं.

"काका, कोर्टाच्या जाळीचे हूक या मागच्या भिंतीत ठोकायचेत. ताण बराच येतो. भिंत पक्की आहे ना? पाया नीट घातलाय?"

सासऱ्यांनी तोंड उघडलं. बायकोकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं.

ती तोवर भिंतीपाशी पोचलीही होती. तिनं तळहात टेकवला, मग कान लावला.

"खाली, पायाच्या दगडापासून ऐकत ये," सासूबाई म्हणाल्या.