पाताळमणी आणि पाण्याचा नळ

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर पाताळबाबांनी पांढऱ्या भस्मावर आपला काळा दगड, 'पाताळमणी', ठेवला, वरून पाणी ओतलं आणि भसकन वाफ निघाली! दगडाला हात लावणारा प्रत्येक जण "आई गं!" करून मागे सरत होता.

"पृथ्वीच्या पोटातली आग आहे ही, मंडळी! डॉक्टरांच्या गोळ्या हिच्यापुढे खडूचे तुकडे!"

याच शब्दांवर विसंबून शेजारी बसलेल्या माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, ब्लडप्रेशरच्या गोळ्या बंद केल्या होत्या. कालच जिन्यात तिला घेरी आली. भावजी गेल्यापासून ती घरात एकटी. मीही एकटीच, तळघरातल्या प्रयोगशाळेत दिवसभर यंत्राशी बोलणारी. तीही जाईल, या भीतीने मी उठले.

"ही आग दगडात टिकली कशी, बाबा?"

"बाई, तुम्ही कधी पाताळात गेलात का?"

"पाताळच वर आणते. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये खसखशीहून बारीक खनिजाचा कण दाबायचा, लेझरने तापवायचा. खोल भूगर्भात असतो तेवढा दाब, तेवढीच उष्णता. लेझर बंद केला की पापणी लवायच्या आत कण गार! दगड कितीही खोलातला असो, आग गाठीशी बांधून आणत नाही. हा धुऊन कोऱ्या ताटलीत ठेवा."

"मण्याचा अपमान!" बाबा गरजले.

"मीच धुते," म्हणत ताई तरातरा मंचावर गेली. "माझ्या मण्याला खोटं म्हणतेस? बघच आता!"

बाजूच्या नळाखाली तिने दगड घासून धुतला, ताटलीत ठेवला, बाबांचंच पाणी ओतलं. वाफ नाही. पुन्हा ओतलं. मग तिने दगड गालाला लावला.

"गार आहे गं," ती म्हणाली. तिचा चेहरा बघून जिंकल्याचा आनंद मला झाला नाही.

मी मंचावर जाऊन तिथल्या कुंडीतला एक खडा त्या भस्मात खुपसला, पाणी ओतलं. वाफेचा लोट उठला, खडा चटके देऊ लागला.

"भस्म कसलं? ही चुनकळीची, म्हणजे भाजलेल्या चुन्याची भुकटी. पाणी पडलं की तापते."

बाबा घाईघाईने भस्म झाकू लागले.

घरी ताईने मुकाट्याने गोळी घेतली. मग म्हणाली, "गार निघाला ते ठीक. पण बाबांच्या दर्शनाच्या रांगेत रोज कुणीतरी विचारायचं, 'काल झोप लागली का?' तुझा लेझर विचारतो का?"



वाचकहो, चमत्कार दिसला की वस्तू धुऊन बघा. डॉक्टरांची गोळी बाबाच्या शब्दावर सोडू नका. आणि आपलं माणूस त्या रांगेत का उभं राहिलं, तेही शोधा. मी आता ताईकडेच राहते. झोपेचं सकाळी मी विचारते. परवा ती म्हणाली, "नाही लागली. बस जरा."

मी बसले. कामावर उशिरा गेले.